कॅन्सरच्या प्रश्नालाही मुदत हवी

आयुर्विम्याच्या अर्जात तब्येतीची प्रश्नावली असते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशी यादी येते आणि तिच्यात एक ओळ कॅन्सरची: तुम्हाला कधी कर्करोग झाला होता का? होय किंवा नाही. गेल्या वर्षी स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी केमो घेतलेले गृहस्थ आणि १९९४ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, रक्ताच्या कॅन्सरमधून बरा होऊन आज गृहकर्ज काढायला निघालेला माणूस, दोघांनाही एकाच चौकोनात खूण करावी लागते. तारीख, प्रकार, टप्पा हे सगळं पुढच्या पुरवणी फॉर्मात विचारतात खरं, पण तोवर अर्जावर शिक्का बसलेला असतो. त्यानंतर जास्तीचा हप्ता, लांबणीवर टाकलेला निर्णय किंवा सरळ नकार, यांपैकी काहीतरी पदरी पडण्याची शक्यता मोठी.

या प्रश्नाला मुदत असायला हवी, असं माझं म्हणणं आहे. ठरावीक वर्षं उलटली आणि आजार परतला नाही, तर तो प्रश्न विचारण्याचाच अधिकार विमा कंपनीला किंवा बँकेला नसावा. ही मागणी दयाबुद्धीची नाही. तिच्यामागे हिशेब आहे आणि तो पाऊणशे वर्षांपासून मांडला जातो आहे. गंमत अशी की औषधाची किंमत ठरवायची असते तेव्हा हा हिशेब झटकन मान्य होतो. बरा झालेला माणूस काउंटरवर येऊन उभा राहिला की तो कोणालाच आठवत नाही.

एकट्यादुकट्या माणसाबद्दल ‘हा कायमचा बरा झाला’ असं कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण हजार माणसांबद्दल सांगता येतं. पूर्वी ‘पाच वर्षं काढली म्हणजे बरा’ असा ढोबळ रिवाज होता. ब्रिटनमधल्या जॉन बोग यांनी १९४९ साली तो बाजूला ठेवला आणि असं धरलं की रुग्णांच्या समूहात दोन गट मिसळलेले आहेत. एक, ज्यांचा कॅन्सर खरोखर गेला; दुसरा, ज्यांच्यात तो दबा धरून बसला आहे आणि आज ना उद्या डोकं वर काढणार. उपचार संपतात त्या दिवशी कोण कुठल्या गटातला हे कळत नाही. पण वर्षं जातात तसतसे दुसऱ्या गटातले गळत जातात आणि मागे उरलेल्यांत पहिल्या गटाचा वाटा वाढत जातो. मृत्यूंची गती कशी मंदावते, यावरून पहिल्या गटाचं मूळ प्रमाण किती होतं हे काढता येतं. तीन वर्षांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बर्कसन आणि गेज यांनी हीच कल्पना अधिक सुटसुटीत केली. बरा झालेला म्हणजे अमर नव्हे. त्याच वयाच्या शेजाऱ्याला मरणाचा जेवढा धोका, तेवढाच ज्याला उरला तो बरा.

या व्याख्येत भाबडेपणा नाही, म्हणून ती मला पटते. साठीच्या माणसाला हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, गाडीखाली येऊ शकतो. कॅन्सर झाला नसता तरी हे धोके होतेच. प्रश्न एवढाच, की कॅन्सरमुळे त्याच्या वाट्याला जादा धोका किती उरला. म्हणून रुग्णांच्या मृत्यूंची तुलना सर्वसाधारण लोकसंख्येच्या जीवन-तक्त्याशी, म्हणजे कोणत्या वयात किती माणसं मरतात याच्या कोष्टकाशी, केली जाते. त्या तुलनेत किती रुग्ण हयात आहेत याची आलेखावरची रेघ सुरुवातीची काही वर्षं झपाट्याने खाली येते आणि मग, घाट उतरून गाडी कोकणात लागावी तशी, सपाट होते. सपाट झाली याचा अर्थ जादा धोका संपला.

या पद्धतीचा आपल्यासारख्या देशाला एक वेगळाच फायदा आहे आणि त्याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही. भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी पाव हिश्शाहूनही कमी मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं असतं. माणूस कॅन्सरने गेला की आणखी कशाने, हे कागदावरून कळणं कठीण. पण वरच्या तुलनेला मृत्यूचं कारण लागतच नाही. माणूस आज हयात आहे की नाही आणि नसेल तर कधी गेला, एवढं कळलं तरी भागतं.

आता खबरदारीचं बोलू, कारण सपाट रेघ फसवूही शकते. कॅन्सरच्या कोणत्याही शोधनिबंधात पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा जो आलेख दिसतो तो १९५८ साली कॅप्लान आणि मायर यांनी दिलेल्या पद्धतीचा. (कॅप्लान यांना खरं तर समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ टिकतात याची चिंता होती, मायर यांना रुग्णांची. दोघांनी एकाच नियतकालिकाकडे वेगवेगळे लेख पाठवले आणि संपादकांनी ते एकत्र करायला लावले.) त्या आलेखाच्या खाली बारीक अक्षरात आकड्यांची एक रांग असते: त्या त्या वेळी निरीक्षणाखाली किती रुग्ण उरले आहेत त्याची. डावीकडे दोनशे, मध्ये साठ आणि उजव्या टोकाला कधी चार, कधी दोन. ती उजवीकडची सपाटी चार माणसांच्या जिवावर उभी असते. त्यातला एक जरी गेला तरी रेघ धाडकन खाली येते. वर्तमानपत्रात बातमी होते ती आलेखाची. खालची रांग कोणी छापत नाही.

शिवाय सगळे कॅन्सर एका माळेचे मणी नाहीत. वृषणाच्या कॅन्सरमध्ये सपाटी लवकर येते, थायरॉइडच्या बहुतेक प्रकारांतही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण दहा वर्षांच्या आत. स्तनाच्या कॅन्सरचं तसं नाही. ज्या गाठी इस्ट्रोजेन या हार्मोनला प्रतिसाद देतात, त्या प्रकारातल्या ६२,९२३ स्त्रियांचा एकत्रित अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. या सगळ्यांनी पाच वर्षं हार्मोनविरोधी औषध घेतलं होतं आणि तोवर आजार परतला नव्हता. तरीही पुढच्या पंधरा वर्षांत तो शरीरात दूर कुठेतरी परतण्याचं प्रमाण, गाठ लहान आणि काखेतल्या ग्रंथी कोऱ्या असतील तर १३ टक्के, आणि गाठ मोठी व चार ते नऊ ग्रंथींत आजार पोचलेला असेल तर ४१ टक्के निघालं. इथे कोकण लागतच नाही, घाट नुसता सौम्य होतो. तेव्हा ‘कॅन्सर’ या एका शब्दाखाली सरसकट पाच किंवा दहा वर्षांची मुदत घालणं हा राजकीय निर्णय असतो, संख्याशास्त्रीय नव्हे. त्यात गैर काही नाही; फक्त तसं उघड म्हणावं.

हाच हिशेब बाजारात कसा वापरला जातो ते बघण्यासारखं आहे. रुग्णाच्याच पेशी काढून, त्यांना प्रयोगशाळेत कॅन्सर ओळखायला शिकवून परत शरीरात सोडायच्या, ही कार-टी उपचारपद्धती. अमेरिकेत २०१७ साली पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत होती ४,७५,००० डॉलर. एवढ्या किमतीचं समर्थन करायचं तर काही रुग्ण नुसते वर्षभर जास्त जगत नाहीत, ते कायमचे बरे होतात असं दाखवावं लागतं. हाताशी निरीक्षण होतं जेमतेम दोनेक वर्षांचं. मग पुढची चाळीस-पन्नास वर्षं कुठून आणायची? मॉडेलमधून. ब्रिटनमध्ये सरकारी मूल्यमापनासमोर जे अर्ज आले, त्यांत बोग-बर्कसन घराण्याचंच ‘दोन गट’वालं मॉडेल होतं. दोन वर्षांच्या रेघेला पुढे सपाट करत नेलं की किंमत परवडणारी दिसू लागते.

ब्रिटिशांनी त्यावर जो तोडगा काढला तो मला शहाणपणाचा वाटतो. त्यांनी मॉडेल फेटाळलंही नाही आणि आंधळेपणाने गिळलंही नाही. २०१८ साली या औषधांना कॅन्सर ड्रग्ज फंड या सरकारी निधीतून तात्पुरता पैसा दिला, दरम्यान रुग्णांची माहिती जमवली आणि काही वर्षांनी पुन्हा हिशेबाला बसले. काही ठिकाणी मॉडेलचा अंदाज खराही ठरतो. शरीरभर पसरलेल्या मेलॅनोमाचे (त्वचेच्या एका घातक कॅन्सरचे) निम्म्याहून जास्त रुग्ण पूर्वी वर्षभराच्या आत दगावत. शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारी दोन इम्युनोथेरपी औषधं एकत्र दिलेल्या गटात दहा वर्षांनंतर ४३ टक्के रुग्ण हयात होते, हे २०२४ साली प्रसिद्ध झालं. ती सपाटी चार माणसांच्या जिवावरची नव्हे. पण ती खरी आहे हे कळलं कारण कोणीतरी दहा वर्षं मोजत राहिलं.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. किंमत परदेशी उपचाराच्या मानाने फारच कमी, तरी तीस-चाळीस लाखांच्या घरात. अभिमान वाटावा असंच काम आहे ते. प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तपासता आलेल्या रुग्णांपैकी ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला, म्हणजे त्यांचा आजार कमी झाला किंवा दिसेनासा झाला. मात्र प्रतिसाद म्हणजे बरं होणं नव्हे, आणि शेत-घर विकून पैसे उभे करणाऱ्या कुटुंबाला हा फरक समोर बसवून सांगायला हवा.

म्हणजे चित्र असं. दोन वर्षांच्या माहितीवर ‘बरा होईल’ असं मानायला बाजार तयार असतो, कारण त्यावर किंमत ठरते. आणि तीस वर्षं ठणठणीत जगून दाखवलेल्या माणसाला ‘बरा झाला’ म्हणायला तोच बाजार तयार नसतो, कारण त्यावर जोखीम घ्यावी लागते. जिथे पुरावा तोकडा तिथे विश्वास मोठा. जिथे पुरावा भक्कम तिथे कानावर हात.

तीस वर्षं जगलेली माणसं आपल्याकडे आहेत. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून बालपणी कॅन्सर झालेल्यांसाठी ‘आफ्टर कम्प्लिशन ऑफ ट्रीटमेंट’ नावाचं वेगळं क्लिनिक चालतं. उपचार संपलेली मुलं पुढे मोठी होतानाही तिथे तपासणीला येत राहतात. त्यांच्यापैकी पहिली फळी आता पस्तिशी-चाळिशीत आहे. अशा तरुणांचा ‘उगम’ नावाचा गटही आहे. यांचे प्रश्न आता केमोचे नाहीत. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीचे, लग्नाच्या स्थळांचे, घराच्या हप्त्यांचे आहेत. स्थळांचं नियमाने काही होणार नाही, ते सोडून देऊ. पण कर्जासोबत बँक जो विमा गळ्यात मारते, त्याच्या आरोग्य-घोषणेचं नियमाने नक्की होऊ शकतं.

युरोपात ते झालं आहे. फ्रान्सने २०१६ साली ‘विसरलं जाण्याचा हक्क’ कायद्यात आणला आणि २०२२ साली मुदत कमी करून उपचार संपल्यापासून पाच वर्षांवर आणली. बेल्जियम, नेदरलँड्स, पोर्तुगाल, स्पेन मागोमाग आले. इटलीने डिसेंबर २०२३ मध्ये कायदा केला: दहा वर्षं आजार परतला नाही तर, आणि आजार वयाच्या २१ वर्षांआधी झाला असेल तर पाचच वर्षांनी, विमा, बँक, नोकरी आणि दत्तक प्रक्रियेतही जुन्या कॅन्सरची चौकशी करता येत नाही. या कायद्याआधी इटलीतल्या कॅन्सर नोंदणी केंद्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं एकेका कॅन्सरसाठी ‘बरा होण्यास लागणारा काळ’ मोजून प्रसिद्ध केला होता. फ्रान्सने तर काही प्रकारांसाठी पाच वर्षांहूनही कमी मुदतीचा तक्ता केला आहे. मला हा तक्त्याचा मार्ग सरसकट मुदतीपेक्षा बरा वाटतो. सरसकट मुदत ही वरची मर्यादा असावी, आणि ज्या कॅन्सरची रेघ लवकर सपाट होते त्यांना तक्त्यातून आणखी सूट मिळावी.

विमा कंपन्यांचा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. त्या म्हणतील, जोखीम लपवली तर तिचा भार इतर हप्तेवाल्यांवर पडतो. खरं आहे, जोखीम असेल तर. जिथे जादा धोका उरलेलाच नाही तिथे भार कसला? थोडासा उरतो हेही मान्य करू. लहानपणी घेतलेल्या काही औषधांनी हृदय कमजोर होऊ शकतं, रेडिएशनमुळे पुढे दुसरा कॅन्सर होण्याची शक्यता वाढते. पण रोज पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्याला जास्तीच्या हप्त्यावर का होईना, पॉलिसी मिळतेच. त्याचा धोका आकड्यात मांडून किंमत लावता येते, मग याचा का नाही?

आणि मुदतीची कल्पना आपल्या नियमांना परकी मुळीच नाही. आरोग्य विम्यात ‘आधीपासूनचा आजार’ याची विमा नियामकाने केलेली व्याख्याच मागचे ३६ महिने पाहते. २०२४ पासून अशा आजारासाठीचा प्रतीक्षाकाळही जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आला. आयुर्विम्यात तर विमा कायद्याचं कलम ४५ आहे: पॉलिसीला तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणावरून तिच्यावर प्रश्नचिन्ह लावता येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ काय होतो पाहा. एजंट हळूच म्हणतो, ‘साहेब, जुनं कशाला लिहिताय, कोण बघतंय.’ जो त्याचं ऐकून लपवतो आणि तीन वर्षं काढतो, तो सुरक्षित. जो खरं लिहितो, तो दारातूनच परत. प्रामाणिक माणसाला शिक्षा करणारी ही व्यवस्था मुदतीच्या नियमाने उलट सुधारेल, कारण मग लपवायचं कारणच राहणार नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. उद्या नियामकाने तक्ता करायला घेतला तर त्यात भरायचे भारतीय आकडे कुठून आणणार?

लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी मुंबईत १९६३ सालीच सुरू झाली, देशात पहिली. बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ ची, तीही देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शीच्या लोकांनी जे केलं ते जगात वाखाणलं गेलं. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता त्यांचे कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतली गावं फिरत, लोकांशी बोलत, लक्षणं असलेल्यांना तपासणीला आणत. त्याच कामाच्या बळावर पुढे त्या पट्ट्यात सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास होऊ शकला, आणि हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू निम्म्याच्या आसपास कमी होतात हे २००९ साली जगाला कळलं.

पण नोंदणी म्हणजे आजार झाल्याची नोंद. तो माणूस बारा वर्षांनी जिवंत आहे का, हे शोधणं निराळं काम आहे आणि त्यात घाम निघतो. दवाखान्याच्या केसपेपरवर बाई माहेरच्या नावाने असते, कारण भावाने आणून दाखल केलेलं असतं. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत तीच बाई सासरच्या नावाने, वय दहा वर्षांनी पुढे-मागे, पत्ता ‘मळ्यात’. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब हंगामभर गावातच नसतं. मोबाइल नंबर मुलाचा होता आणि तो आता बदललाय. संगणकाला या दोन बाया वेगळ्याच वाटतात. मग मृत्यूची नोंद सापडली नाही म्हणून बाई ‘हयात’ धरली जाते आणि कागदावर वर्षानुवर्षं जगत राहते. अशा सापडल्या नसलेल्या मृत्यूंतूनच खोटी सपाटी तयार होते. आजार बरा झाला नाही, नोंद हरवली. आलेखात मात्र दोन्ही सारखंच दिसतं. अशी रेघ घेऊन विमा कंपनीच्या गणितज्ञापुढे गेलो तर तो हसेल, आणि बरोबरच हसेल.

म्हणूनच भारतातले भरवशाचे आकडे बहुतेक पाच वर्षांपाशी थांबतात. अकरा नोंदणी केंद्रांतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या १७,३३१ रुग्णांवरून पाच वर्षं जगण्याचं सापेक्ष (म्हणजे सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेतलं) प्रमाण ६६.४ टक्के निघालं, मिझोराममध्ये ७४.९ आणि अरुणाचलच्या पासीघाटमध्ये ४१.९. चांगला अभ्यास आहे, पण मुदत ठरवायला दहा-पंधरा वर्षांची रेघ लागते.

ती रेघ काढायचं साधन आता आपल्या हाताशी आलं आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून ती लागू झाली. तिच्यानुसार देशभरच्या जन्म-मृत्यूंचा एक राष्ट्रीय डेटाबेस ठेवायचा आहे आणि तो मंजुरीने इतर सरकारी याद्यांशी जोडता येतो. मतदार यादीतून मेलेल्यांची नावं काढायला तो वापरला जाणार असेल, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) कॅन्सर नोंदणीशी जोडायला काय हरकत आहे? गोपनीयतेची काळजी रास्त आहे. पण जोडणी सरकारी नोंदणीच्या आत, नावं बाहेर न जाता करता येते. स्वीडन, नॉर्वे यांसारखे नॉर्डिक देश हे काम कित्येक दशकं करत आले आहेत. याच्या जोडीला केंद्राने कॅन्सर हा कळवणं सक्तीचं असलेला आजार करावा, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने २०२२ सालीच केली आहे. काही राज्यांनी ते आपल्यापुरतं केलंय.

ही सगळी आकडेवारी जमेपर्यंत थांबायचं, असं मात्र मी म्हणणार नाही; नाहीतर हे भिजत घोंगडं आणखी वीस वर्षं तसंच राहील. बालपणीच्या कॅन्सरपासून आजच सुरुवात करता येईल. त्या मुलांच्या फायली परळला आहेत, ती स्वतःहून तपासणीला येतात, त्यांना शोधत मळ्यात जावं लागत नाही. त्यांच्यासाठी इटलीसारखी पाच वर्षांची मुदत घालायला विमा नियामकाचं एक परिपत्रक पुरे. दत्तक विधानाच्या २०२२ च्या नियमावलीत इच्छुक पालकांना ‘जीवघेणा आजार’ नसावा अशी अट आहे. जुना, बरा झालेला कॅन्सर तिच्यात मोडत नाही, एवढं एक वाक्य तिथे घालायचं. उरलेल्या कॅन्सरांचा तक्ता मागाहून, एकेक रेघ सपाट होताना दिसेल तसा, वाढवत नेता येईल. स्तनाच्या कॅन्सरची ओळ त्यात कदाचित सगळ्यात शेवटी भरली जाईल.